प्रकाशाचे वैद्य : नील्स फिन्सेन

(प्रकाशाच्या साहाय्याने रोग बरा करता येतो, हे ज्यांनी प्रयोग करून जगाला दाखवून दिले, त्या डॉ. नील्स फिन्सेन यांचा जीवनपरिचय या पाठात करून दिला आहे. स्वतः असाध्य रोगाने आजारी असतानाही ते शेवटपर्यंत इतरांच्या रोगाशी झगडत राहिले. त्यांनी सुरू केलेल्या कामाचा धागा आज कर्करोगावरील नव्या संशोधनापर्यंत कसा पोहोचला आहे, तेही या पाठात सांगितले आहे.)

सूर्यप्रकाश आपल्याला फुकट मिळतो, म्हणून त्याची किंमत आपल्याला कळत नाही. उन्हाळ्यात तर आपण उन्हापासून पळतो आणि सावली शोधतो. पण पृथ्वीवर असेही काही प्रदेश आहेत, की जेथे हिवाळ्यात दिवस जेमतेम पाच तासांचा असतो. सूर्य उगवतो, क्षितिजाजवळून थोडासा फिरतो आणि लगेच मावळतो. तेथील लोक उन्हाच्या एका तिरिपेसाठी आसुसलेले असतात. अशाच एका प्रदेशात जन्मलेल्या माणसाने प्रकाशाला औषध बनवले. त्यांचे नाव नील्स र्‍यूबर्ग फिन्सेन.

युरोपच्या उत्तरेला अटलांटिक महासागरात फॅरो नावाची छोटी छोटी बेटे आहेत. ही बेटे डेन्मार्कच्या राज्यात मोडतात. तेथे सतत वारा, धुके आणि पाऊस असतो. या बेटांवरील टोर्सहाव्हन या गावी १५ डिसेंबर १८६० रोजी नील्सचा जन्म झाला. वडील सरकारी अधिकारी होते. त्यांचे घराणे मूळचे आइसलँडचे. नील्स चार वर्षांचा असतानाच त्याची आई वारली. पुढे वडिलांनी दुसरे लग्न केले.

सुरुवातीचे शिक्षण गावातच झाल्यावर नील्सला डेन्मार्कमधील एका वसतिगृहाच्या शाळेत पाठवण्यात आले. त्याचा मोठा भाऊही त्याच शाळेत होता. पण नील्सचे मन तेथे रमले नाही. परीक्षेत गुण कमी पडू लागले. मुलगा मनाने चांगला आहे, पण त्याच्यात बुद्धी आणि उत्साह कमी आहे, असा शेरा मुख्याध्यापकांनी दिला. शेवटी १८७६ साली वडिलांनी त्याला त्या शाळेतून काढले आणि आइसलँडमधील रेकजाविक शहरात, आपण स्वतः शिकलो होतो त्या शाळेत घातले. तेथे नील्स आइसलँडची भाषा शिकला. १८८२ साली तो शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाला. वर्गात पंधरा विद्यार्थी होते आणि त्याचा क्रमांक अकरावा होता. हा मुलगा पुढे नोबेल पारितोषिक मिळवील, असे तेव्हा कोणी म्हटले असते, तर लोकांनी ते हसण्यावारी नेले असते.

त्याच वर्षी वैद्यकीय शिक्षणासाठी नील्स डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे आला. मात्र शिक्षण सुरू होऊन वर्षभरही झाले नसेल, तोच त्याची प्रकृती बिघडू लागली. थोडे श्रम केले तरी थकवा येई. पुढे पोटात पाणी साठू लागले. हृदयाभोवती एक पातळ पिशवीसारखे आवरण असते. ते हळूहळू जाड व कठीण होत जाण्याचा हा रोग होता. असे आवरण हृदयाला मोकळेपणाने उघडमीट करू देत नाही. त्या काळी या रोगावर काहीच इलाज नव्हता. तरीही फिन्सेन यांनी शिक्षण सोडले नाही. १८९० साली ते डॉक्टर झाले आणि विद्यापीठातच शरीररचनाशास्त्राच्या विभागात काम करू लागले.

फिन्सेन ज्या घरात राहत, त्याच्या खिडक्या उत्तरेकडे होत्या. खोलीत ऊन येत नसे. अंगात रक्त कमी, नेहमी थकवा. मात्र उन्हात जाऊन बसले की आपल्याला बरे वाटते, असे त्यांच्या लक्षात आले. हा केवळ मनाचा खेळ आहे, की खरोखरच प्रकाशाचा शरीरावर काही परिणाम होतो? हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. या संदर्भात एका मांजराची गोष्ट नेहमी सांगितली जाते. एकदा खिडकीतून त्यांना छपरावर ऊन खात पडलेले मांजर दिसले. सूर्य जसजसा सरकला, तसतशी सावली मांजराजवळ आली. सावली अंगावर येताच मांजर उठले आणि पुन्हा उन्हात जाऊन पडले. असे अनेकदा घडले. मांजर तर कोणाचे पुस्तक वाचून उन्हात बसत नाही. तेव्हा उन्हात शरीराच्या गरजेचे काहीतरी असले पाहिजे, असे फिन्सेन यांना वाटले.

वाटणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे. फिन्सेन यांनी प्रयोगांना सुरुवात केली. पहिला प्रयोग त्यांनी स्वतःच्या हातावर केला. हातावर काळ्या शाईचा एक पट्टा ओढून तो हात त्यांनी कडक उन्हात धरला. नंतर शाई धुऊन पाहिले, तर शाईखालची कातडी जशीच्या तशी गोरी राहिली होती आणि दोन्ही बाजूंची कातडी लाल झाली होती. पुढे ती लाली जाऊन कातडी काळवंडली. मग तोच हात त्यांनी शाई न लावता पुन्हा उन्हात धरला. या वेळी उलटे झाले. गोरा राहिलेला पट्टा भाजला आणि काळवंडलेल्या भागाला फारसे काही झाले नाही. कातडीचा काळा रंग म्हणजे उन्हापासून शरीराचे रक्षण करणारी छत्रीच आहे, हे यावरून दिसून आले.

पांढरा दिसणारा प्रकाश अनेक रंगांचा मिळून बनलेला असतो, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेच आहे. इंद्रधनुष्यात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे रंग दिसतात. जांभळ्याच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात आणि तांबड्याच्या पलीकडे अवरक्त किरण असतात. तांबड्या बाजूचे किरण मुख्यतः ऊब देतात, तर कातडी लाल करण्याचे काम निळे, जांभळे आणि अतिनील किरण करतात, हे फिन्सेन यांनी ओळखले. प्रकाश हे एकच औषध नसून त्यात अनेक औषधे मिसळलेली आहेत. कोणत्या रोगाला कोणते द्यावे आणि किती द्यावे, हे शोधले पाहिजे, असा विचार त्यांनी मांडला.

१८९३ साली त्यांनी देवीच्या रोगासंबंधी एक लेख लिहिला. निळ्या-जांभळ्या किरणांमुळे देवीचे फोड चिघळतात, म्हणून रोग्याला तांबडे पडदे लावलेल्या खोलीत ठेवावे, असे त्यांनी सुचवले. नॉर्वेतील काही डॉक्टरांनी तसे करून पाहिले आणि त्यांना गुण आल्यासारखे वाटले. पुढे मात्र हा उपाय कसोटीला उतरला नाही. देवीचा खरा पराभव लसीने केला आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. विज्ञानात मोठ्या माणसाचे मतही पुन्हा पुन्हा तपासून पाहिले जाते. जे टिकते तेच स्वीकारले जाते. फिन्सेन यांचे दुसरे काम मात्र टिकले.

ते काम होते त्वचेच्या क्षयाचे. क्षय म्हटले की आपल्याला फुप्फुसांचा रोग आठवतो. पण क्षयाचे जंतू कातडीतही शिरतात. त्या काळात युरोपात हा रोग बऱ्याच लोकांना होई. तो बहुधा चेहऱ्यावर दिसे. आधी गालावर किंवा नाकावर लहानशा तांबूस गाठी येत. मग त्या पसरत आणि तेथे जखमा होत. हळूहळू नाक, ओठ, कान झडून जात. लांडग्याने लचके तोडावेत तसा चेहरा होई, म्हणून या रोगाला लॅटिन भाषेतील लांडग्याचेच नाव मिळाले होते. डॉक्टर तो भाग खरवडून काढत, डाग देऊन जाळत किंवा तीव्र औषधे लावत. यात वेदना फार होत आणि व्रण कायमचे राहत. तरीही रोग पुन्हा उलटत असे. या रोगाने माणूस लगेच मरत नसे, पण माणसांतून उठत असे. असे रोगी तोंड झाकून फिरत. त्यांना कोणी कामावर ठेवत नसे. त्यांच्याजवळ बसायला लोक भीत.

प्रकाशाने जंतू मरतात, हे १८७७ साली इंग्लंडमधील दोन शास्त्रज्ञांनी दाखवले होते. क्षयाचे जंतू १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी शोधून काढले होते. या दोन गोष्टी फिन्सेन यांनी एकत्र आणल्या. कातडी तर शरीराच्या बाहेरच्या बाजूला आहे. तेथपर्यंत प्रकाश पोहोचू शकतो. मग प्रकाशानेच तेथील जंतू का मारू नयेत? १८९३ साली त्यांनी विद्यापीठातील नोकरी सोडली आणि सगळा वेळ या कामाला दिला. प्रकृती ढासळत होती. एका वर्षापूर्वीच इंगेबोर्ग यांच्याशी त्यांचे लग्न झाले होते. नवा संसार होता. अशा वेळी हातची नोकरी सोडणे ही सोपी गोष्ट नव्हती.

१८९५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात त्यांना पहिला रोगी मिळाला. कोपनहेगनच्या वीज कंपनीत मोगेन्सन नावाचे एक अभियंता होते. त्यांचा चेहरा अनेक वर्षे या रोगाने पोखरला होता आणि सगळे उपाय थकले होते. वीज कंपनीत विजेचे मोठे दिवे होते. कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये वीज खेळवून त्यातून डोळे दिपवणारा प्रकाश निर्माण करत. तो प्रकाश फिन्सेन यांनी भिंगातून मोगेन्सन यांच्या चेहऱ्यावर पाडायला सुरुवात केली. रोज थोडा भाग आणि रोज थोडा वेळ. काही दिवसांतच जखमा सुधारू लागल्या. काही महिन्यांत चेहरा भरून आला. जे जाळून आणि कापून साधले नव्हते, ते प्रकाशाने साधले.

ऐकायला हे सोपे वाटते, पण त्यात तीन अडचणी होत्या. फिन्सेन यांनी त्या एकेक करून दूर केल्या. पहिली अडचण उष्णतेची. भिंगाने प्रकाश एकवटला की कागदसुद्धा जळतो, मग कातडी का भाजणार नाही? सूर्यप्रकाश वापरताना त्यांनी मोठे पोकळ भिंग घेतले आणि त्यात मोरचुदाचे निळे पाणी भरले. हे पाणी उष्ण किरण अडवी आणि निळे-जांभळे किरण जाऊ देई. दिव्याच्या प्रकाशासाठी त्यांनी नळ्यांमध्ये पाणी ठेवून उष्णता कमी केली. दुसरी अडचण काचेची. साधी काच अतिनील किरण बरेचसे अडवते. म्हणून त्यांनी क्वार्ट्झ या स्फटिकाची भिंगे वापरली.

तिसरी अडचण सर्वांत मोठी होती. ती होती आपल्या रक्ताची. फिन्सेन यांनी एक साधा प्रयोग केला. एका माणसाच्या कानाच्या मागे फोटोचा कागद धरला आणि कानाच्या पुढच्या बाजूने निळा-जांभळा प्रकाश टाकला. पाच मिनिटे झाली, तरी कागद काळा पडला नाही. मग त्यांनी कान दोन काचांमध्ये दाबून धरला. त्यामुळे कानातील रक्त बाजूला सरले आणि कान पांढराफटक पडला. आता तोच प्रकाश टाकला, तर अवघ्या वीस सेकंदांत कागद काळा झाला! याचा अर्थ असा, की रक्त हे निळा प्रकाश वाटेतच शोषून घेते. म्हणून उपचार करताना क्वार्ट्झची एक छोटी चकती रोगाच्या जागेवर दाबून धरण्याची पद्धत त्यांनी सुरू केली. चकतीतून थंड पाणी वाहत असे. त्यामुळे कातडी भाजत नसे आणि दाबामुळे रक्त दूर सरून प्रकाश खोल जात असे.

१८९६ साली काही दानशूर नागरिकांच्या मदतीने कोपनहेगनमध्ये फिन्सेन यांची प्रकाशोपचार संस्था सुरू झाली. तेथे छताला मोठा दिवा टांगलेला असे. त्यातून चार बाजूंना दुर्बिणीसारख्या चार नळ्या खाली येत. प्रत्येक नळीखाली एक रोगी झोपलेला आणि त्याच्याजवळ एक परिचारिका. डोळ्यांना गडद चष्मा लावून ती ती चकती तासभर हाताने दाबून धरी. एका वेळी नाण्याएवढ्या भागावरच उपचार होई. दुसऱ्या दिवशी शेजारचा भाग. असे महिनोन् महिने चाले. या यशात त्या परिचारिकांच्या धीराचा आणि कष्टांचा वाटा मोठा होता.

१९०१ सालापर्यंत सुमारे ८०० रोग्यांवर येथे उपचार झाले. त्यांपैकी बहुतेक जण बरे झाले किंवा त्यांच्यात पुष्कळ सुधारणा झाली. ज्यांना काहीच गुण आला नाही, असे फार थोडे होते. तोंड झाकून आलेली माणसे उघड्या चेहऱ्याने घरी परतू लागली. ही बातमी देशोदेशी पसरली. डेन्मार्कच्या राजकन्या अलेक्झांड्रा या इंग्लंडच्या राजघराण्यात दिल्या होत्या. त्यांच्या पुढाकाराने १९०० साली लंडनमधील एका मोठ्या रुग्णालयात फिन्सेन दिवा बसवण्यात आला.

इकडे फिन्सेन यांचा स्वतःचा आजार मात्र वाढतच होता. पोटात साठलेले पाणी पुन्हा पुन्हा सुई घालून काढावे लागे. चालणे अशक्य झाले. ते चाकांच्या खुर्चीला खिळले. ज्या प्रकाशाने शेकडो लोकांना बरे केले, त्याचा त्यांच्या रोगावर काही उपयोग नव्हता. कारण तो रोग हृदयापाशी होता आणि तेथपर्यंत प्रकाश पोहोचवण्याचा मार्ग तेव्हा कोणाजवळ नव्हता. पण फिन्सेन निराश होऊन बसले नाहीत. आपल्या आजाराकडेही त्यांनी शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले. आपण काय खातो, किती पाणी पितो, शरीरातून किती बाहेर जाते, याचे माप ते रोज लिहून ठेवू लागले. मिठामुळे शरीरात पाणी साठून राहते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी आहारातील मीठ कमी केले. या विषयावरचा त्यांचा लेख १९०४ साली प्रसिद्ध झाला.

१९०३ साली फिन्सेन यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नोबेल पारितोषिक मिळवणारे ते डेन्मार्कचे पहिले नागरिक होत. त्याच वर्षी भौतिकशास्त्राचे पारितोषिक हेन्‍री बेक्वेरेल, प्येअर क्यूरी आणि मारी क्यूरी यांना मिळाले होते. पारितोषिक घेण्यासाठी स्वीडनला जाण्याइतकीही शक्ती फिन्सेन यांच्यात उरली नव्हती. मिळालेल्या रकमेचा मोठा भाग त्यांनी आपल्या प्रकाशोपचार संस्थेला आणि हृदयाच्या व यकृताच्या रोग्यांसाठी काढलेल्या रुग्णालयाला देऊन टाकला. पुढे वर्षभराच्या आतच, २४ सप्टेंबर १९०४ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ४३ वर्षांचे होते.

फिन्सेन गेले, पण त्यांनी विचारलेला प्रश्न राहिला. प्रकाश रोगापर्यंत कसा न्यावा आणि शरीराच्या निरोगी भागाला धक्का न लावता रोगावरच त्याचा मारा कसा करावा? या प्रश्नाची उत्तरे आजही शोधली जात आहेत.

फिन्सेन यांच्याच काळात जर्मनीतील म्युनिक शहरात एक शोध लागला होता. ऑस्कर राब हा विद्यार्थी पाण्यातील सूक्ष्म जीवांवर एका रंगद्रव्याचा प्रयोग करत होता. अंधारात ते जीव त्या रंगद्रव्यात जिवंत राहत, पण उजेडात मरत. त्याचे गुरू हेर्मान फोन टापाइनर यांनी यावरून एक युक्ती काढली. १९०३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने त्वचेच्या कर्करोगावर रंगद्रव्य लावून त्यावर प्रकाश टाकून पाहिला. यामागची कल्पना अशी : रंगद्रव्य एकटे निरुपद्रवी असते आणि प्रकाशही एकटा निरुपद्रवी असतो. दोघे एकत्र आले, की रंगद्रव्य जागे होते आणि जवळच्या प्राणवायूला असे रूप देते, की त्यामुळे आसपासच्या पेशी मरतात. म्हणजे प्रकाश पडेल तेवढ्याच जागी औषध काम करते. या पद्धतीचे पहिले औषध १९९३ साली कॅनडात मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मान्य झाले.

येथे एक आश्चर्याची गोष्ट सांगितली पाहिजे. २००५ साली कोपनहेगनमधील संशोधकांनी फिन्सेन यांचे जुने दिवे आणि भिंगे तपासली. त्या यंत्रणेतून लहान लहरींचे अतिनील किरण बाहेर पडतच नव्हते, असे त्यांना आढळले. मग जंतू मरत कसे होते? क्षयाच्या जंतूंमध्ये मुळातच एक प्रकाश शोषणारे द्रव्य असते. निळा-जांभळा प्रकाश पडताच ते द्रव्य जागे होऊन जंतूंचा नाश करत असावे, असा निष्कर्ष या संशोधकांनी काढला. म्हणजे फिन्सेन यांचा उपचार खरा होता, पण त्याचे कारण त्यांना वाटले होते त्यापेक्षा वेगळे होते.

रक्ताच्या अडचणीवरही शास्त्रज्ञांनी आता नवा मार्ग काढला आहे. अंधारात तळहाताखाली बॅटरी लावून पाहा. हातातून तांबूस प्रकाश बाहेर येताना दिसेल. निळा प्रकाश रक्तात अडतो, पण तांबडा प्रकाश पलीकडे जातो. तांबड्याच्या लगत पलीकडे असलेले अवरक्त किरण तर शरीरात आणखी खोल शिरतात. मग त्यांनाच कामाला लावले तर?

त्यासाठी शास्त्रज्ञांनी सोन्याची मदत घेतली. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. वाळूत असते त्या सिलिका नावाच्या द्रव्याचे अतिसूक्ष्म गोळे घेऊन त्यांवर सोन्याचा पातळ थर चढवतात. असा एक कण सुमारे १५० नॅनोमीटरचा असतो. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे शेकडो कण शेजारी शेजारी मावतील. सोन्याच्या थराची जाडी योग्य ठेवली, की हे कण अवरक्त किरण शोषून घेतात आणि तापतात. कर्करोगाच्या गाठीतील रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या असतात, त्यामुळे त्या सच्छिद्र असतात. शिरेतून दिलेले काही कण या छिद्रांमधून गाठीत शिरतात व तेथे साठतात. नंतर बारीक तंतूंवाटे गाठीपर्यंत प्रकाश नेला, की कण तापतात आणि गाठ आतून भाजली जाते. जेथे कण आहेत पण प्रकाश नाही, तेथे काही होत नाही. जेथे प्रकाश आहे पण कण नाहीत, तेथेही फारसे काही होत नाही.

अमेरिकेतील राइस विद्यापीठात नाओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांनी या कणांवर मोठे काम केले. २००३ साली त्यांचे उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध झाले. पुढे पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या १६ रोग्यांवर हा उपचार करून पाहण्यात आला. त्याचे आशादायक निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. मात्र १६ रोग्यांवरून अंतिम निर्णय देता येत नाही. देवीच्या तांबड्या पडद्यांची गोष्ट आपण पाहिलीच आहे. गुण आल्यासारखे वाटणे आणि गुण आल्याचे सिद्ध होणे, यांत अंतर असते. हे सर्व कण गाठीतच जातात असेही नाही. पुष्कळसे यकृतात आणि प्लीहेत साठतात. त्यांचे पुढे काय होते, हेही पाहावे लागते. म्हणून असे उपचार अनेक वर्षे तपासले जातात.

प्रकाश औषध आहे, तसा तो अपायकारकही आहे, हे विसरून चालणार नाही. अतिनील किरण प्रमाणाबाहेर अंगावर घेतले, तर त्यांनीच त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. त्वचेच्या क्षयावर पुढे १९४० नंतर परिणामकारक औषधे मिळाली आणि फिन्सेन यांचे दिवे रुग्णालयांतून निघून गेले. पण प्रकाशाचा उपचार गेला नाही. कावीळ झालेल्या नवजात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलेले तुम्ही कदाचित आपल्या गावच्या रुग्णालयात पाहिले असेल.

फिन्सेन यांना उणीपुरी ४३ वर्षे मिळाली आणि त्यांतील वीस वर्षे आजारपणात गेली. बुद्धी कमी असा शेरा ज्या मुलाला शाळेत मिळाला, त्याच्याजवळ एक गोष्ट भरपूर होती. जे रोज सर्वांना दिसते, त्याकडे तो थांबून पाहत असे आणि जे वाटले ते प्रयोग करून तपासत असे. आपल्या हृदयापर्यंत प्रकाश नेणे त्यांना जमले नाही. शरीरात खोल दडलेल्या रोगापर्यंत तो नेण्याचा प्रयत्न आज जगातील अनेक प्रयोगशाळांत चालू आहे.

शब्दार्थ

तिरीप – उन्हाची बारीक रेषा
असाध्य – बरा न होणारा, लाइलाज
शेरा – मत, अभिप्राय
रोगी – आजारी माणूस, मरीज
क्षय – टी.बी.
देवी – चेचक
व्रण – जखमेची खूण
मोरचूद – नीलाथोथा
परिचारिका – नर्स
यकृत – जिगर
निष्कर्ष – प्रयोगावरून निघालेले अनुमान, नतीजा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नील्स फिन्सेन यांचा जन्म कोठे झाला?
(आ) शाळेच्या मुख्याध्यापकांनी नील्सविषयी कोणता शेरा दिला?
(इ) पोकळ भिंगात मोरचुदाचे पाणी का भरले होते?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) त्वचेचा क्षय झालेल्या लोकांचे जीवन कसे होते?
(आ) कानावरील प्रयोगातून फिन्सेन यांना काय समजले?
(इ) सोन्याचे सूक्ष्म कण आणि प्रकाश एकत्र आल्यावर काय होते?

३. कारणे द्या.
(अ) देवीवरील तांबड्या पडद्यांचा उपाय पुढे मागे पडला.
(आ) नव्या उपचारांची अनेक वर्षे तपासणी करावी लागते.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
मनात घर करणे, हसण्यावारी नेणे, माणसांतून उठणे, कसोटीला उतरणे.

५. फिन्सेन यांच्या स्वभावातील तुम्हांला आवडलेल्या गुणाविषयी आठ-दहा ओळी लिहा.